हायड्रा : छापखान्याच्या भिंतीवर दीड वर्ष वापरल्यानंतर

हायड्रा हे ओळी लिहून हलतं चित्र घडवायचं सॉफ्टवेअर आहे, आणि ते विकत घ्यावं लागत नाही. ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडायचं, एक ओळ टाइप करायची, कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबायचं, की त्या ओळीमागेच चित्र हलायला लागतं. नाव नोंदवणं नाही, चाचणीची मुदत नाही, कोपऱ्यात कंपनीचा शिक्का नाही. फुकट असलेल्या गोष्टीचं एवढं परीक्षण कशाला, असं वाटू शकतं. पण गेल्या दीड वर्षात आमच्या गटाचे सतरा कार्यक्रम यावर झाले आहेत, आणि प्रत्येक वेळी पंचवीस-तीस माणसं सतरंजीवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होती. वस्तू फुकट असली तरी त्या माणसांची संध्याकाळ फुकट नसते. म्हणून नीट लिहिते.

मी दिवसभर एका सिव्हिल इंजिनिअरच्या ऑफिसात ऑटोकॅडवर नकाशे काढते. महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी नारायण पेठेतल्या एका बंद छापखान्यात आम्ही आठ-नऊ जण जमतो. यंत्रं कधीच भंगारात गेली, उरली ती उंच छताची खोली आणि चुना दिलेली एक लांब भिंत. गटात एक ढोलकीवाला आहे, सिंथेसायझर स्वतः जोडणारी दोन कॉलेजची मुलं आहेत, ओव्या म्हणणाऱ्या एक मावशी आहेत आणि चित्रांच्या बाजूला मी. तिकीट नाही. दाराशी स्टीलचा डबा असतो, त्यात जमेल तेवढे टाकायचे. त्यातून चहा आणि विजेचं बिल निघतं. प्रोजेक्टर वापरलेला घेतला आहे, तीन हजार ल्युमेनचा. केबल आणि कन्व्हर्टर तपकीर गल्लीतून आणि डब्यासारखा जुना टीव्ही रविवारच्या जुन्या बाजारातून आणलेला.

आम्ही जे करतो त्याला लाइव्ह व्हिडिओ म्हणतात. तयार फिल्म लावून देणं वेगळं. इथे ढोलकी वाजत असताना चित्र तिथेच घडतं, माणसांसमोर घडतं आणि संपलं की संपलं. गाणाऱ्याची तान जशी त्या बैठकीची, तसं.

हायड्रा बनवलं ऑलिव्हिया जॅक या कलाकार-प्रोग्रामर बाईंनी. त्याची मुळं जुन्या ॲनालॉग व्हिडिओ सिंथेसायझरमध्ये, म्हणजे विजेच्या सिग्नलपासून चित्र घडवणाऱ्या यंत्रांत आहेत. तिथे एका खोक्यातून निघालेली वायर दुसऱ्या खोक्यात खुपसायची आणि सिग्नल पुढे न्यायचा. इथे वायरीच्या जागी टिंब आहे. ‘ऑस्क’ लिहिलं की पट्टे उमटतात. त्यापुढे टिंब देऊन ‘कॅलिड’ आणि कंसात ६ लिहिलं की त्याच पट्ट्यांची सहा पाकळ्यांची नक्षी होते. पुढे ‘मॉड्युलेट’ जोडून त्यात ‘नॉइज’ घातलं की नक्षी पाण्यात पडल्यासारखी हलते. शेवटी ‘आउट’, की चित्र पडद्यावर. नळाला नळ जोडत जावं तशी ही रचना आहे. ज्याला प्रोग्रामिंगचा गंध नाही त्यालाही ती अर्ध्या तासात समजते, हे मी आमच्या ढोलकीवाल्यावर पाहिलंय. त्याने पहिल्या दिवशी फक्त आकडे बदलले, दुसऱ्या दिवशी जोडण्यांचा क्रम बदलला, आणि क्रम बदलला की चित्रच बदलतं हे त्याचं त्याला कळलं.

इथे शिकागोच्या डॅन सँडिन यांचं नाव घेतलंच पाहिजे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी इमेज प्रोसेसर नावाचं असंच वायरी जोडायचं व्हिडिओ यंत्र बनवलं आणि त्याचे आराखडे कुलपात ठेवले नाहीत. ज्याला बांधायचंय त्याने घेऊन जावेत अशी मुभा दिली. तिथलेच व्हिडिओ कलाकार फिल मॉर्टन यांनी त्यांच्यासोबत ते आराखडे नीट उतरवून लोकांपर्यंत पोचवले. ‘नक्कल करा, पण व्यवस्थित करा’ अशा भावनेचं ते काम होतं. हायड्रात तीच रीत पुढे चालली आहे. तुम्ही लिहिलेलं सगळं पानाच्या पत्त्यातच साठतं. तो पत्ता मैत्रिणीला पाठवला की तिच्याकडे तुमचं चित्र उघडतं, त्यामागच्या ओळींसकट. तिने त्यात चार बदल करून परत पाठवायचं. आमच्या गटात रात्री अकरा वाजता असे पत्ते फिरत असतात. मूळ प्रोग्रामचा कोडही खुला आहे.

आणखी एक गोष्ट इथलीच. ओळी चित्राच्या वरच दिसतात, प्रेक्षकांनाही दिसतात. कोड लिहून संगीत आणि चित्र सादर करणाऱ्या मंडळींत, ज्यांच्या मैफलींना अल्गोरेव्ह म्हणतात, पडदा झाकून ठेवायचा नाही असा संकेतच आहे. हव्या तर ओळी लपवता येतात. आम्ही लपवत नाही. पहिल्या रांगेतले लोक चित्र बघता बघता ओळी वाचायला लागतात, आणि मी कुठला आकडा बदलणार यावर त्यांची नजर असते.

आता ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं ते सांगते.

आमच्याकडे एक पेंटर काका येतात. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, गणपतीत मंडळांचे पडदे रंगवले. फ्लेक्स आला आणि काम गेलं. ते पहिल्यांदा आले ते छापखान्याच्या मालकांना भेटायला. भिंतीवर काहीतरी हलताना दिसलं म्हणून थांबले, शेवटपर्यंत उभेच होते. संपल्यावर मला म्हणाले, “पोरी, हे रंग ओले आहेत का?”

मला उत्तर सुचेना. पुढच्या महिन्यात मी एक काच आणली, खाली पांढरा बल्ब लावला, वर स्टँडला वेबकॅम उलटा टांगला. हायड्रात बाहेरचा कॅमेरा घ्यायला एकच छोटी ओळ लागते. कंसात ० लिहिलं तर लॅपटॉपचा स्वतःचा कॅमेरा येतो, १ लिहिलं तर जोडलेला. काकांना म्हटलं, काचेवर काढा. त्यांनी खिशातून स्वतःचा ब्रश काढला. खारीच्या शेपटीच्या केसांचा, टोक अजून सुईसारखं. निळा रंग बोटभर घेतला आणि एका दमात मोराची मान ओढली.

ती मान भिंतीवर बारा फूट उंच उमटली. मी कॅमेऱ्याचं चित्र आणि आधीच्या क्षणाचं चित्र एकमेकांत मिसळत होते. हायड्रात आउटपुटच परत इनपुट म्हणून घेता येतं. ते घेताना किंचित मोठं केलं आणि किंचित सरकवलं, की प्रत्येक रेषेच्या मागे तिच्याच सावल्या लांबत जातात. मिसळण्याचं प्रमाण ०.९ ठेवलं तर रेष दोन-चार क्षण रेंगाळते. ०.९७ ला ती भिंतीवर खूप वेळ राहते आणि नवी रेष जुनीच्या पोटातून वर येते. १ ला नवं काही दिसतच नाही, जुनंच फिरत राहतं. एवढ्याशा फरकात सगळा खेळ आहे, आणि तो मला पाठ्यपुस्तकातून कळला नव्हता. काकांमुळे कळला. ते ब्रश न उचलता म्हणाले, “ओघळ जास्त झालाय. कमी कर.”

ओघळ. रंग पातळ झाला की पाटीवरून खाली येतो, तो ओघळ. इंग्रजीत ज्याला फीडबॅक म्हणतात त्याला मी तोवर फीडबॅकच म्हणत होते. आणि फीडबॅक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काही येत नव्हतं. ओघळ म्हटल्यावर किती सरकवायचं, कुठल्या दिशेने, किती वेगाने, सगळं हाताला कळलं. मी सरकण्याची दिशा खाली केली, प्रमाण ०.८८ वर आणलं. मोराच्या मानेतून निळा रंग हळूहळू उतरायला लागला. काकांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं आणि पिवळ्या रंगात ब्रश बुडवला.

त्या रात्री घरी जाऊन मी एक गोष्ट करून पाहिली. हायड्रा जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेवर चालतं, आणि तिच्यात आपण बनवलेल्या फंक्शनला, म्हणजे एका नावाखाली बांधलेल्या ओळींना, देवनागरीत नाव देता येतं. काना, मात्रा, जोडाक्षर सगळं चालतं. मी ‘ओघळ’ नावाचं फंक्शन बनवलं. चाललं. मग ‘पुसट’ बनवलं, ते उजेड हळूहळू काढून घेतं. मग ‘रांगोळी’, कंसात पाकळ्यांचा आकडा घेणारी. मग काकांच्याच बोलण्यातलं ‘अस्तर’, म्हणजे सगळ्यात खालचा रंगाचा थर. आज अशी चौदा नावं आमच्या फाइलमध्ये आहेत, बहुतेक काकांची, दोन मावशींची. मावशींनी दिलेलं ‘जातं’ हे गोल फिरवणारं फंक्शन आहे. ते सुरुवातीला सावकाश फिरतं आणि मग लय धरतं, दळताना धरतं तसं.

पैसे देऊन घेतलेल्या कुठल्याही व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये मला हे करता आलं नव्हतं. तिथे बटणांची नावं ठरलेली असतात आणि आपण ती पाठ करतो. इथे वस्तूला नाव आपण ठेवतो, आणि नाव आपलं असलं की वस्तू हातात बसते. भिंतीवर ओळी दिसत असल्यामुळे प्रेक्षकही ती नावं वाचतात. ‘ओघळ’ बदलताना समोरून कोणीतरी “अजून थोडा” म्हणतं, हे मी ऐकलंय.

दोन सूचना. आकडे मात्र इंग्रजीच (1, 2, 3) लागतात. देवनागरी आकडा टाकला की खाली लाल अक्षरांत तक्रार येते. चित्र बंद पडत नाही, आधीचं चालू राहतं, ही हायड्राची मोठी माणुसकी आहे. दुसरं, चालू कार्यक्रमात मराठी आणि इंग्रजी कीबोर्ड सारखा बदलावा लागतो. अंधारात कुठला चालू आहे हे विसरायला होतं आणि मूळच्या इंग्रजी नावांच्या जागी भलतीच अक्षरं पडतात. मी आता सगळ्या ओळी आधीच लिहून ठेवते, समोर फक्त आकडे आणि क्रम बदलते.

देवनागरी मजकूर भिंतीवर आणायचा असेल तर हायड्रात त्याची थेट सोय नाही. पण ब्राउझरचा कॅनव्हास, म्हणजे चित्र काढायची कोरी जागा, बनवून त्यावर अक्षरं लिहायची आणि तो कॅनव्हास हायड्राला चित्र म्हणून द्यायचा. अक्षरं ब्राउझर स्वतः जुळवत असल्यामुळे जोडाक्षरं आणि वेलांट्या जागच्या जागी येतात. जुन्या एका व्हिडिओ प्रोग्राममध्ये माझी पहिली वेलांटी नेहमी अक्षराच्या उजवीकडे जाऊन पडायची. ज्यांनी तो त्रास काढलाय त्यांना या एका गोष्टीची किंमत कळेल. मावशी ओवी म्हणत असताना तिचा एकेक शब्द आम्ही असा भिंतीवर आणला आणि त्याला ‘जातं’ जोडलं.

आवाजाचं म्हणाल तर हायड्रा लॅपटॉपच्या माइकवरून आवाज ऐकतं आणि त्याचे खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत चार भाग करतं. ते भाग कोपऱ्यात छोट्या आलेखात दिसतात. ढोलकीच्या धुम्याच्या बाजूचा घुमारा पहिल्या भागात येतो, शाईच्या बाजूची टणक थाप वरच्या भागांत. पहिला भाग मी आकाराला जोडते आणि वरचा रंगाला. अडचण अशी की लॅपटॉपचा पंखा सुरू झाला की माइक तोही ऐकतो आणि ढोलकी थांबल्यावरही चित्र थरथरत राहतं. उंबरठा, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज धरायचा नाही ती पातळी, थोडा वर नेला की थरथर थांबते. शिवाय बाहेरचा माइक ढोलकीजवळ ठेवावा.

आता उणिवा, आणि त्या लहान नाहीत.

पान एकदा उघडलं की सगळं तुमच्याच यंत्रावर चालतं, इंटरनेट गेलं तरी चित्र चालू राहतं. पण चुकून रिफ्रेश झालं तर संपलं. गेल्या पावसाळ्यात राउटर बंद पडला, आणि घाईत माझं बोट रिफ्रेशवर गेलं. भिंत पांढरी. ढोलकीवाल्याने सात मिनिटं एकट्याने ओढून नेली. त्यानंतर मी हायड्रा लॅपटॉपवर उतरवून घेतलं आणि तिथूनच चालवते. हे करायला थोडं तांत्रिक ज्ञान लागतं आणि नव्या माणसाला ते अवघड जातं. ज्याला समोर माणसं बसवायची आहेत त्याने हे पहिल्याच आठवड्यात शिकून घ्यावं. ओळीही वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवाव्यात. पत्त्यात साठतात म्हणून निर्धास्त राहू नये.

जुन्या लॅपटॉपवर वेग मंदावतो. माझा दहा वर्षांपूर्वीचा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दोन-तीन थर आणि ओघळ इथपर्यंत ठीक. ‘व्होरोनॉय’ ही पेशींसारख्या खणांची नक्षी आणि त्यावर आणखी दोन मॉड्युलेट चढवले की चित्र अडखळतं. उपाय सोपा आहे. हायड्राला चित्राचा आकार सांगता येतो. आमचा प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ चा आहे, म्हणून मी तेवढाच ठेवते, कधी ६४० बाय ४८० सुद्धा. चुन्याच्या भिंतीवर पंधरा फुटांवरून फरक कोणाला कळत नाही. डबा टीव्हीवर तर कमीच बरं दिसतं, कारण त्याच्या आडव्या रेषा चित्राला स्वतःचा पोत देतात.

उघडझाप करणाऱ्या प्रकाशाबद्दल हायड्रात मला कुठे सूचना दिसली नाही. ‘ऑस्क’चा वेग वाढवला की पूर्ण भिंत लपलपायला लागते. एकदा एका मुलीचं डोकं दुखायला लागलं आणि ती उठून बाहेर गेली. फिट येणाऱ्या माणसाला असा प्रकाश धोक्याचा असतो. तेव्हापासून दारावर कागद लावतो, सुरुवातीला तोंडी सांगतो, आणि आमच्या फाइलमध्ये वेगाला वरची मर्यादा घातली आहे. हे ज्याचं त्याने करायचं आहे, आणि करायलाच हवं.

लग्नात किंवा मोठ्या स्टेजवर एलईडी भिंतीवर क्लिप लावायच्या असतील, चार पडद्यांवर मापात बसवायच्या असतील, तर हायड्राच्या नादी लागू नका. त्यासाठी रेझोल्यूम घ्या, त्याचे पैसे वसूल होतात. त्रिमितीतलं गुंतागुंतीचं काम असेल तर टचडिझायनर. ते बिनव्यावसायिक वापराला फुकट मिळतं, फक्त चित्राच्या आकाराला १२८० बाय १२८० ची मर्यादा आहे. पण ते शिकायला महिने जातात आणि माझ्यासारख्या लॅपटॉपला झेपत नाही. हायड्रा चार मित्र, एक भिंत आणि एक संध्याकाळ एवढ्यासाठी आहे. त्यासाठी याहून चांगलं मला सापडलेलं नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण मी इंटरनेटशिवाय चालवायच्या खटपटीसाठी कापला.

काकांना मी एकदा कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांबद्दल सांगितलं. त्यांनी १८९२ पासून हाताने रंगवलेल्या काचांवर दिवा टाकून ‘शांबरिक खरोलिका’ नावाने खेळ केले, सिनेमा आपल्याकडे यायच्या आधी. काकांनी ते ऐकून काच किती मोठी होती, रंग कुठला वापरत, दिवा जवळ असताना तो उकळत कसा नसे, असे एकामागून एक प्रश्न विचारले. मला एकाचंही धड उत्तर देता आलं नाही. पुढच्या वेळी ते स्वतःच तीन प्रकारचे रंग घेऊन आले आणि आमच्या बल्बवर कुठला टिकतो ते तपासत बसले. काचेवर तेलरंग लवकर वाळत नाही, पोस्टर कलर पापुद्रे धरतो. फाउंटन पेनची शाई ग्लिसरीनमध्ये मिसळली की चांगली पसरते. आता आम्ही तीच वापरतो.

गेल्या महिन्यात ते एक पत्रा घेऊन आले, दोन बाय तीन फुटांचा, पाटीला वापरतात तसा. त्यावर त्यांनी आमची चौदाही नावं रंगवली होती, एकाखाली एक, पुढे कंस आणि कंसात नेहमीचा आकडा. ‘ओघळ’चा ओ पाटीवर असतो तसा जाड, सावलीसकट. पत्रा लॅपटॉपच्या बाजूला टांगला आहे. अंधारात मला आता फाइल उघडून नाव शोधावं लागत नाही. शेवटच्या ओळीत ‘पुसट’चा कंस बंद करायचा राहिला होता. मी दाखवल्यावर काकांनी तिथेच खुर्चीवर चढून तो लाल रंगात पुरा केला.